अंड्यातला लाल ठिपका: चेन्नईच्या पावसात काय पाहावं

महाराष्ट्रात पाऊस आटोपतो तेव्हा चेन्नईचा खरा पावसाळा सुरू होतो. शहराचा वर्षाचा निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. अंबत्तूरला तलावाजवळच्या सखल भागात घरामागची खुराडी ओल धरतात. या दिवसांत बलकावर लाल ठिपका दिसला म्हणून अंडं फेकू नका.

बलक अंडाशयातून सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि थेंबभर रक्त त्याला चिकटतं, एवढंच. त्याचा पिल्लाशी संबंध नाही. कोंबडा नसलेल्या फार्मवरच्या अंड्यांतही ठिपका सापडतो. सुरीच्या टोकानं काढा किंवा राहू द्या, बलक घट्ट होईपर्यंत शिजवलेलं अंडं खुशाल खा. अंड्याचा पांढरा भागच रक्ताळलेला, गुलाबी किंवा हिरवट असेल, अथवा वास येत असेल, तर मात्र ते टाकायचं.

नामक्कलच्या पांढऱ्या अंड्यांत ठिपका क्वचित दिसतो. तपकिरी अंडी देणाऱ्या जातींत तो मुळातच जास्त, आणि गडद कवचामुळे अंधारात टॉर्चसमोर धरूनही चटकन कळत नाही. तेव्हा एखाद्या ठिपक्याची चिंता नको. पण आठवडाभर रोज ठिपके दिसू लागले, तर आधी औषधांचा डबा उघडून बघा.

कारण असं, की खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसात कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण, पसरते. शेजारी सांगतो, दुकानदार सल्फाची पूड देतो, ती पाण्यात घातली जाते. सल्फाक्विनॉक्सॅलिनसारखं औषध ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. मग रक्त नीट गोठत नाही आणि ठिपके वाढतात. शिवाय औषधाचा अंश अंड्यात उतरतो, आणि खाणाऱ्याच्या दृष्टीनं ठिपक्यापेक्षा काळजीची गोष्ट ती आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीला असलं औषध पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नका. दिलंच असेल, तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्यांच्याकडूनच समजून घ्या.

तूस रोज उलटं करा, भिजलेलं काढून टाका, पाण्याचं भांडं सांडणार नाही असं ठेवा. खाद्याचं पोतं जमिनीवर नको, फळीवर ठेवा. बुरशी दिसली की ते खाद्य बाद. ‘अ’ आणि ‘के’ जीवनसत्त्वांसाठी शेवग्याचा कोवळा पाला द्या. मद्रासकडे शेवगा काय कमी!

दिवाळीही याच पावसात येते. फटाक्यांनी बिथरलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतही ठिपके दिसतात. अंडं तयार व्हायला साधारण 25 तास लागतात, म्हणून रात्रीची भीती त्यानंतरच्या दिवसांतल्या अंड्यांत उतरू शकते. खुराड्याला रस्त्याच्या बाजूनं गोणपाट लावा. रात्रभर दिवा जळता ठेवू नका. नैसर्गिक उजेड धरून 16 तास प्रकाश पुरतो.

इतकं करूनही ठिपके थांबले नाहीत, तर वापरलेल्या औषधाचं पाकीट आणि खाद्याचा नमुना घेऊन पशुवैद्यकाकडे जा. राज्याचं पशुवैद्यक विद्यापीठ माधवरमला आहे, अंबत्तूरहून ते फार लांब नाही.