दुसऱ्याचा कुत्रा सांभाळताना

ताईंनो, दिवाळीला, लग्नसराईत मुरुडमधल्या घरांना कुलूप लागतं. मग कुत्रा कुणाकडं ठेवायचा? हे काम घरबसल्या जमतं, पण नियम पाळा.

१) रेबीज लसीचं कार्ड बघा. लस दरवर्षी लागते. कार्ड नसेल तर ओळखीच्यांचाही कुत्रा घेऊ नका.

२) मालकाचा फोन, औषध, नेण्याची तारीख, ठरलेले पैसे वहीत लिहून सही घ्या.

३) नवख्या घरातून कुत्रा पळतो. सुरुवातीला बांधूनच फिरवा. तो खाताना लेकरं लांब ठेवा. कांदा-लसणाचं कालवण देऊ नका.

४) चावलाच तर हळद, चुना, तिखट लावू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा, लगेच सरकारी दवाखाना गाठा. रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही; वेळेवर लस घेतली तर वाचतो.