दशांश चिन्हाची किंमत : लेथवरचा फीड कसा ठरवायचा?



"सर, हे दशांश अपूर्णांक पुढे कुठं लागतात हो?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. आपली बरीच मुलं दहावीनंतर आयटीआयला टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेडला जातात. तिथं हे गणित रोज लागतं. कसं ते पाहू.

फीड म्हणजे काय?
लेथवर जॉब फिरतो आणि टूल त्याच्या लांबीला धरून पुढे सरकतं. जॉबच्या एका फेऱ्यात टूल जेवढं सरकतं तो फीड. मुलांना पेन्सिलीवर दोरा गुंडाळायला सांगा. शेजारच्या दोन वेढ्यांमधलं अंतर म्हणजेच फीड!

उदाहरण : ५० मिमी व्यासाचा साध्या पोलादाचा रॉड, एचएसएस टूल, कटिंग स्पीड मिनिटाला ३० मीटर.

१) फेरे = (१००० × ३०) ÷ (३.१४ × ५०) = सुमारे १९१ प्रति मिनिट
२) फीड ०.२ मिमी धरला, तर टूल मिनिटाला १९१ × ०.२ = ३८.२ मिमी सरकेल.
३) १५० मिमी लांबीला वेळ = १५० ÷ ३८.२ = जवळपास ४ मिनिटं

फीड किती घ्यायचा?
रफ कटला साधारण ०.२ ते ०.४ मिमी, फिनिशिंगला ०.०५ ते ०.१५ मिमी. टूलच्या टोकाची गोलाई (नोज रेडियस) ०.८ मिमी असेल, तर रफ फीड तिच्या निम्म्यावर, म्हणजे ०.४ च्या वर नेत नाहीत.

जॉबवर उरणाऱ्या रेघांची उंची अंदाजे फीडचा वर्ग ÷ (८ × गोलाई) एवढी असते. फीड ०.२ असेल तर ती ६.२५ मायक्रॉन येते, ०.१ असेल तर १.५६. म्हणजे फीड निम्मा केला की रेघा चौपट बारीक होतात, पण वेळ दुप्पट लागतो. वर्ग आणि व्यस्त चलन, दोन्ही एकाच उदाहरणात आले की नाही?

एककाकडे लक्ष!
सीएनसी लेथवर फीड दोन प्रकारे देतात : मिमी प्रति फेरा किंवा मिमी प्रति मिनिट. 'मिनिटाला ४० मिमी' असा फीड द्यायचा आहे आणि मशीन 'प्रति फेरा'वर आहे, असं झालं तर टूल एका फेऱ्यात ४० मिमी पुढे जायला बघेल. टूल तुटेल, जॉब चकमधून उडेल, शेजारी उभ्या माणसालाही लागू शकेल. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून आपण अर्धा गुण कापतो, तो काही उगाच नाही.

वर्गात करून पाहा : फेरे ३००, फीड ०.१५ मिमी, लांबी ९० मिमी. वेळ किती? (उत्तर : २ मिनिटं.) मग फीड ०.३ केला तर काय काय बदलेल, हे मुलांनाच सांगू द्या.