पाच तासांत न्यूयॉर्क!

हे टाइमटेबल बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने सिंगापूर ते न्यूयॉर्क (जेएफके) ही कुठेही न थांबणारी फ्लाइट सुरू केली. निघायचं रात्री २.२५ ला, पोचायचं त्याच दिवशी सकाळी ७.३०ला. म्हणजे पाच तास पाच मिनिटं! परत येताना मात्र सोमवारी रात्री १०.३० ला निघालेला माणूस बुधवारी सकाळी ६.१० ला उतरणार. हे झाले ३१ तास ४० मिनिटं.

आधी अंतर काढू. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना अक्षांश कुठले आणि रेखांश कुठले, हे अजून डोक्यात ट्रान्सलेट करावं लागतं!) सिंगापूर १०४ अंश पूर्व, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम. बेरीज १७८, म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना. भिंतीवरच्या नकाशात आडवी रेघ मारावीशी वाटते, पण गोलावर सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाला लागून जाते. ध्रुवापासून सिंगापूर ८८.६ अंश, न्यूयॉर्क ४९.४ अंश. एकूण १३८. एका अंशाला १११ कि.मी. धरले, तर १५,३१८ कि.मी. खरा आकडा सुमारे १५,३५०. कॅल्क्युलेटरसुद्धा लागला नाही!

ताशी ९०० च्या वेगाने याला सतरा तास लागतात. पण रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यात वेळ जातो. शिवाय विमान त्याच वाटेने जाईल असंही नाही. वर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. पॅसिफिकवरून पूर्वेला गेलं तर वाट लांबते, पण वारा पाठीशी असतो आणि वेळ वाचतो.

आता खरी गंमत. जाण्या-येण्याच्या त्या दोन विचित्र वेळांची बेरीज करा: ३६ तास ४५ मिनिटं. अर्धे केले की १८ तास २२ मिनिटं. टाइम झोन किती तासांचा, हे माहीतच नव्हतं तरी चाललं, कारण जाताना जेवढा वजा झाला तेवढाच येताना मिळाला. प्रत्यक्षात जाताना १८ तास ५ मिनिटं आणि येताना १८ तास ४० मिनिटं दिली होती. हा ३५ मिनिटांचा फरक वाऱ्याचा आणि वाटेचा. (कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमचं एनटीपी नेटवर्कवर घड्याळं जुळवताना हीच ट्रिक वापरतं.)

एकाच बाजूचं तिकीट असेल तर बेरीज कशाची करणार? आपल्यातले बरेच जण एम.एस.ला जातील, तेव्हा तिकीट एकाच बाजूचं असेल आणि घरी आई घड्याळाकडे बघत बसेल. तिला तिकिटावरच्या वेळा देऊ नका, दोन्ही वेळा भारताच्या करून द्या. याच फ्लाइटच्या बाबतीत सिंगापूरहून निघायची वेळ आदल्या रात्रीची ११.५५ होते आणि न्यूयॉर्कला उतरायची संध्याकाळी ६. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेदहाऐवजी साडेनऊ तासांचा धरा. नाहीतर ती तासभर आधीपासूनच फोनपाशी बसेल किंवा तासभर उगीच काळजी करेल.