तीळगूळ, बोरन्हाण आणि पाळण्यातले अंतर



पौष महिना लागला की रानातली ज्वारी हुरड्यात येते. बांधावरच्या बोरी पिकतात, घाटे भरतात, घरोघर तीळ भाजल्याचा वास सुटतो. खरिपाची कामे उरकलेली असतात आणि ज्वारीच्या काढणीला अजून वेळ असतो. वर्षभरात नवरा-बायकोला चार शब्द बोलायला सवड मिळते ती याच दिवसांत. ही सवड कशी उपयोगी आणावी, हे या पाठात पाहू.

खाली एका घराची हकिगत दिली आहे. हे घर कोणा एकाचे नव्हे. गावोगावच्या बैठकांत आयाबहिणी जे बोलून दाखवतात, त्यातून ते उभे केले आहे. वाचताना आपले घर आठवले, तर पाठ कामी आला असे समजावे.

एका घरची संक्रांत

घरात नवरा, बायको, सासूबाई आणि ऐंशी वर्षांची आजेसासू. थोरली मुलगी सव्वादोन वर्षांची, धाकटा मुलगा नऊ महिन्यांचा. म्हणजे दोघांत अंतर अवघे दीड वर्षाचे. धाकट्याच्या वेळी दिवस गेले तेव्हा थोरलीचे अंगावरचे दूध तोडावे लागले. तेव्हापासून ती किरकिरी झाली. अजून तिचे हातपाय काडीसारखेच आहेत.

सूनबाई पहाटे पाचला उठते. पाणी भरायचे, गोठा झाडायचा, थंडीत कुडकुडत भाकऱ्या थापायच्या. एक मूल कडेवर, दुसरे पदराला. भोगीच्या दिवशी तिने तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली, घाटे, पावटा, गाजर, वांगे घालून भाजी केली. सगळ्यांना वाढले. स्वतः बसली तेव्हा भांड्यात भाजी उरली नव्हती. चटणी आणि चहा यांवर तिचे जेवण झाले.

संक्रांतीच्या संध्याकाळी धाकट्याचे बोरन्हाण होते. काळे झबले, हलव्याचे दागिने घालून बाळ पाटावर बसले. डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे ओतले आणि आळीतली पोरे ती वेचायला धावली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी एक जण म्हणाली, "एका पोराचा काय भरवसा? पाठीवर आणखी एक भाऊ येऊ दे." सगळ्या हसल्या. सूनबाई हसली नाही. चार दिवसांपासून तिला मळमळत होते, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बाळंतपणानंतर पाळी अजून आलीच नव्हती. पुन्हा दिवस गेले की काय, या धास्तीने तिला रात्रीची झोप नव्हती.

रात्री मुले निजल्यावर तिने नवऱ्याला सांगितले.

"अहो, मला बरं वाटत नाही. भीती वाटतीया. पुन्हा दिवस गेलं असतील तर?"

तो चमकला. म्हणाला, "आगं, पण बाळ अजून अंगावर पितंय की! पितंय तोवर काय होत न्हाई म्हणतात."

"म्हणतात खरं. पण थोरलीच्या वेळीबी आपण असंच म्हणत होतो."

यावर तो गप्प बसला. खरे तर या विषयावर दोघे पहिल्यांदाच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत होती. "आज कर हाय, आज दवाखाना नको," असे सासूबाई म्हणाल्या. शेकोटीपाशी बसलेल्या आजीने मान हलवली. "दुखण्याला कर नसती. मला सात झाली, हाताला चार लागली. तवा कुणी विचारलं न्हाई. पोरीला घेऊन जा," ती नातवाला म्हणाली.

उपकेंद्रात काय झाले

नर्सबाईंनी आधी दोघांना बसवून सगळे विचारून घेतले. नंतर निश्चय किटवर लघवीची तपासणी केली. दिवस गेल्याची खूण आली नाही. नर्सबाई म्हणाल्या, "एवढ्यावर पक्कं म्हणता येत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू. तोवर निरोध वापरा."

मग रक्त तपासले. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असू नये, ते ९ भरले. अंधारी येण्याचे कारण उघड झाले. बाळंतपणानंतर दिलेल्या लोहाच्या गोळ्या तिने महिनाभर घेऊन सोडल्या होत्या. "शौचाला काळी होत होती, म्हणून भ्याले," ती म्हणाली. गोळीने असे होतेच, त्यात धोका काही नसतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

रथसप्तमीच्या सुमारास दोघे पुन्हा आले. दुसऱ्या तपासणीतही दिवस गेलेले नव्हते. तिने स्वतःच्या पसंतीने तांबी बसवून घेतली. निघताना नवरा म्हणाला, "पुढं कधी ऑपरेशन करायचं ठरलं, तर ते माझं करू. हिनं दोन बाळंतपणं सोसली हायत."

या हकिगतीतून काय घ्यावे?

*पहिली गोष्ट : अंगावरचे दूध हे कायमचे कुलूप नव्हे.* अंगावर पाजल्याने दिवस राहत नाहीत, हे तीन अटी एकदम पाळल्या तरच खरे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे. त्याला रात्रंदिवस फक्त आईचे दूध असावे, वरचे पाणीसुद्धा नको. आणि आईची पाळी सुरू झालेली नसावी. यातील एक अट मोडली की भरवसा संपला. पाळी परत येण्याआधीही दिवस राहू शकतात. म्हणून पाळीची वाट पाहत बसू नये.

*दुसरी गोष्ट : अंतर.* कोरडवाहू भागातला शेतकरी खरिपात रान मोकळे ठेवतो, ओल मुरू देतो आणि मग रब्बीची ज्वारी पेरतो. दाट पेरले तर कणीस भरत नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. आईच्या शरीराचेही तसेच आहे. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत, म्हणजे दोन मुलांत सुमारे तीन वर्षांचे अंतर पडते. जागतिक आरोग्य संघटनेचाही हाच सल्ला आहे. गर्भपात झाला असेल तर निदान सहा महिने थांबावे. अंतर कमी पडले तर बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, आईचे रक्त भरून येत नाही आणि थोरल्या मुलाचे दूध व लाड दोन्ही लवकर तुटतात.

*तिसरी गोष्ट : आईचे ताट.* तीळ, बाजरी, गूळ, घाटे, हरभऱ्याची भाजी हे थंडीतले अन्न रक्ताला चांगले, पण ते आईच्या ताटात पडले तर. बाळंतपणानंतर सहा महिने लोहाची गोळी रोज घ्यावी. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. सोबत आवळा, पेरू किंवा लिंबू खाल्ल्यास लोह अंगी चांगले लागते. रक्त कमी भरले तर गोळी किती दिवस घ्यायची, हे नर्सबाईंना विचारावे.

पाळणा लांबविण्याची साधने

ही सर्व साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

निरोध : पुरुषाने वापरायचा. संसर्गजन्य गुप्तरोगांपासूनही बचाव होतो. आशाताईंकडे मागावा, मागण्यात लाज नाही.

तांबी (कॉपर-टी) : एक प्रकार ५ वर्षे, दुसरा १० वर्षे चालतो. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर बसवता येते. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकते. ती पोटात वर चढते, हा गैरसमज आहे. मूल हवे झाले की काढून घ्यावी.

छाया गोळी : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

माला-एन : रोज एक गोळी. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेऊ नये.

अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी एक. पाळी अनियमित होते किंवा थांबते. त्याने अपाय होत नाही. बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात.

पाळणा थांबवायचा असेल तर

मुले पुरेत असे दोघांचे पक्के ठरले, तर शस्त्रक्रिया आहे. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असून माणूस त्याच दिवशी घरी जातो. मर्दानगी किंवा कष्टाची ताकद तिने कमी होत नाही. मात्र त्यानंतर तीन महिने निरोध वापरावा आणि वीर्य तपासून घ्यावे.

कोणते साधन घ्यायचे, घ्यायचे की नाही, हे ठरविणे तुमच्या हातात आहे. त्यासाठी जबरदस्ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही. नर्सबाईंना हवे ते विचारा, समजले नाही तर पुन्हा विचारा. प्रत्येक साधन प्रत्येकीला मानवतेच असे नाही. तपासून घेऊनच ठरवावे.

घरी बसून बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या दोन मुलांत किती अंतर आहे? पुढचे मूल हवे का? हवे तर कधी?
२. थकवा येतो का, अंधारी येते का, हे घरात आईला कोणी विचारले आहे का?
३. आईच्या ताटात काय उरते?
४. नवरा-बायको दोघे मिळून उपकेंद्रात कधी जाणार? वार ठरवा.

संक्रांतीला आपण एकमेकांना तीळगूळ देतो आणि गोड बोला म्हणतो. यंदा घरच्या माणसाशी मनातलेही बोला. बोरन्हाणाचे बाळ पाटावर हसत बसावे, थोरले त्याच्याभोवती बोरे वेचीत धावावे आणि हे पाहणाऱ्या आईच्या डोळ्यांत धास्ती नसावी, एवढ्यासाठीच हा पाठ.