पिकअप गाडीच्या सायलेन्सरचा गोंगाट : कारणे व उपाय

भाजीपाला, फळे व दूध बाजारात पोहोचविण्याचे काम पूर्वी बैलगाडी करीत असे. आता ते बव्हंशी पिकअप गाडी करते. नारायणगावचा टोमॅटो असो की निफाडची द्राक्षे असोत, माल वेळेवर बाजारात उतरावयाचा तर रात्री-अपरात्री गाडी गावातून निघणे अपरिहार्य असते. अशा गाडीचा मूळ सायलेन्सर काढून त्याजागी बाजारात मिळणारा सरळ नळीचा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसविण्याची हौस अलीकडे बरीच दिसते. कित्येकदा हौस नसतेही. मूळ सायलेन्सर गंजला म्हणून स्वस्तात मिळाला तो बसविला, एवढेच घडलेले असते. कारण कोणतेही असो, परिणाम एकच होतो. गाडी सुरू होताच आळी जागी होते आणि चालकाचे कान दिवसेंदिवस निकामी होत जातात. हा गोंगाट थोडक्या खर्चात कसा आवरता येईल, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

आवाज कोठून उत्पन्न होतो?

सिलिंडरमध्ये इंधन जळल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालील तप्त वायू एकदम नळीत शिरतो. प्रत्येक वेळी दाबाचा एक हिसका बसतो. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्यास असे दोन हिसके बसतात. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर मिनिटास ६,००० म्हणजे सेकंदास १०० हिसके झाले. आपल्याला ऐकू येणारा खर्जातील घरघराट तो हाच. याशिवाय वायू वेगाने वाहताना होणारा सूंकार व फरफराट हा उंच स्वरातील आवाज निराळा.

मूळ सायलेन्सरमध्ये पत्र्याचे आडवे पडदे घालून दोन-तीन कप्पे केलेले असतात. वायू अरुंद नळीतून रुंद कप्प्यात येतो तेव्हा हिसक्याचा काही भाग मागे परततो व पुढे येणाऱ्या लाटांना मारक ठरतो. सरळ नळीच्या सायलेन्सरमध्ये असे कप्पे नसतात. त्यात छिद्रे पाडलेली एक नळी व तिच्याभोवती ग्लास वूल भरलेली असते. ग्लास वूल उंच स्वर शोषून घेते. परंतु खर्जावर तिचा प्रभाव फार थोडा पडतो. काही काळाने ती जळून व उडून गेली, म्हणजे उरते ती केवळ पोकळ नळी. नवा असताना बरा वाटलेला सायलेन्सर पुढे कर्कश का होतो, याचे कारण हे आहे.

मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद नव्हे

सायलेन्सर मोकळा केला की गाडी अधिक ओढते, असा समज आहे. इंजिनाची ताकद त्यात योग्य प्रमाणात जळणाऱ्या हवा-इंधनावर अवलंबून असते. कानाला जाणवणाऱ्या धडाक्यावर नव्हे. मूळ सायलेन्सर कोंदला असेल तर ओढ कमी होते हे खरे, पण त्यावर उपाय तो बदलण्याचा आहे, काढून टाकण्याचा नव्हे. ज्यांस शंका असेल त्यांनी तेवढेच वजन भरून त्याच रस्त्याने दहा-बारा खेपा कराव्यात व बदलापूर्वीचा आणि नंतरचा डिझेलचा खर्च वहीत मांडून पाहावा.

तोटा मात्र निश्चित आहे. आठ तासांकरिता ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज ही कानांच्या रक्षणासाठी सुचविलेली मर्यादा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास व ९४ ला केवळ एक तास. केबिनमध्ये ९१ डेसिबल आवाज असेल तर चार तासांच्या प्रवासाचा निम्मा भाग कानांवर घातक ठरतो. अशा रीतीने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात. माणूस बोललेला कळतो, पण शब्द नीट समजत नाहीत. शिवाय बेअरिंगची कुरकुर किंवा मागील वाहनाचा हॉर्न गोंगाटात ऐकू न आल्याने अपघाताचा धोका संभवतो. गोठ्याजवळून अशी गाडी एकाएकी गेल्यास दुभती जनावरे दचकतात, आणि दचकलेले जनावर पान्हा चोरते, हा अनुभव दूध काढणाऱ्यास नवा नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२० अन्वये शेतीच्या ट्रॅक्टरसह प्रत्येक मोटार वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) मध्ये २०१९ साली सुधारणा झाली. त्यानुसार ध्वनिविषयक मानकांचा भंग करणारे वाहन चालविल्यास पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

प्रथम गळती शोधावी

नवा खर्च करण्यापूर्वी आवाज कोठून येतो हे पाहावे. पुष्कळदा सायलेन्सर निर्दोष असतो व दोष सांध्यात असतो. तपासणी इंजिन थंड असताना व उघड्या जागी करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रंगाने वा वासाने ओळखू येत नाही. गाडी सपाट जागी उभी करून चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ जॅकच्या आधारावर गाडी उचलून तिच्याखाली कदापि शिरू नये.

१. मॅनिफोल्डपासून शेवटच्या नळीपर्यंत प्रत्येक सांधा पाहावा. काळ्या काजळीचा ओघळ दिसला की तेथे गळती आहे असे समजावे.

२. इंजिन सुरू करून, जाड हातमोजे घातलेल्या मदतनिसाने घडी केलेले ओले जाड कापड नळीच्या तोंडाशी दोन-तीन सेकंद धरावे. गळतीच्या जागी फुसफुस स्पष्ट ऐकू येते.

३. सायलेन्सर थंड असताना त्यावर लाकडी मूठ हलकेच ठोकावी. आत खुळखुळ वाजल्यास पडदा सुटला आहे.

४. टांगणीचे रबर तुटले आहे काय, नळी चॅसिसला घासते काय, हे हाताने हलवून पाहावे.

मॅनिफोल्डचे गॅस्केट बदलणे, क्लॅम्प आवळणे, रबर नवे घालणे एवढ्यानेच कित्येक गाड्या शांत होतात.

कप्प्यांचा सायलेन्सर बसविणे

सांधे निर्दोष असूनही आवाज राहिला, तर सर्वोत्तम उपाय म्हणजे त्याच मॉडेलचा मूळ धाटणीचा सायलेन्सर पुन्हा बसविणे. तो जुना पण पडदे शाबूत असलेला मिळाला तरी चालेल. ते शक्य नसल्यास सरळ नळीच्या सायलेन्सरच्या पुढे कप्प्यांचा आणखी एक सायलेन्सर जोडावा. त्याच्या नळीचा आतील व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसावा.

कप्पा किती मोठा असावा, हे गणिताने सांगता येते. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीवर १५० मिलिमीटर व्यासाचा एक कप्पा असेल तर त्याला अनुकूल अशा स्वराचा आवाज अधिकात अधिक सुमारे १३ डेसिबलने कमी होतो; २०० मिलिमीटर व्यासाचा असेल तर सुमारे १८ डेसिबलने. लांबीही महत्त्वाची आहे. तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ४८० मीटर धरला, तर ६० सेंटिमीटर लांबीचा कप्पा सेकंदास २०० कंपनांच्या स्वराला अधिकात अधिक दाबतो; १०० कंपनांच्या खर्जाला १५० मिलिमीटर व्यासाचा असा कप्पा सुमारे १० डेसिबलने कमी करतो. १० डेसिबल घट म्हणजे कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो. यावरून आखूड व बारीक सायलेन्सर दिसावयास सुबक असला तरी खर्जाच्या कामाचा का नाही, हे कळून येईल.

केबिनमधील घुमारा

काही गाड्यांत एका ठराविक वेगालाच केबिनमध्ये घुमारा उठतो व वेग बदलताच तो नाहीसा होतो. यावर मुख्य नळीस फाटा काढून एक बंद टोकाची नळी जोडण्याचा उपाय आहे. तिची लांबी त्या स्वराच्या लाटेच्या चौथ्या हिश्शाइतकी असावी लागते. घुमारा २,४०० फेऱ्यांना येत असेल, तर चार सिलिंडरांच्या इंजिनात तो सेकंदास ८० कंपनांचा स्वर होय. ४८० ला ८० ने भागून लाट ६ मीटर येते व तिचा चौथा हिस्सा दीड मीटर. फाट्यातील वायू मुख्य नळीतील वायूपेक्षा थंड असल्याने प्रत्यक्षात लांबी थोडी कमी पुरते. म्हणून प्रथम दीड मीटर लांब नळी जोडावी, टोक तात्पुरते बंद करून चाचणी घ्यावी व थोडी थोडी कापीत योग्य लांबी साधल्यावरच टोक वेल्डिंगने कायमचे बंद करावे. आधी आखूड कापल्यास नळी वाया जाते.

वर्कशॉपमध्ये घ्यावयाची दक्षता

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढावी. पाण्याची जस्त चढविलेली नळी या कामास वापरू नये. वेल्डिंग करताना तिचा धूर मिस्त्रीस बाधतो. नळी डिझेलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत येऊ देऊ नये. धुराचे तोंड मागे किंवा उजव्या बाजूस असावे, खाली अथवा डाव्या बाजूस नसावे. कडबा वा भुसा वाहणाऱ्यांनी तप्त नळीवर पत्र्याचे आच्छादन ठेवावे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकांच्या गाड्या विकल्या जातात. अशा डिझेल गाडीच्या नळीत धूर शुद्ध करणारी गाळणी व संवेदक बसविलेले असतात. ते काढू नयेत. काम केवळ त्यामागील सायलेन्सरपुरते ठेवावे. आवाज दाबण्यासाठी नळीत लोखंडी कीस, काथ्या किंवा कापड कोंबणे हा तर उपाय नव्हेच. त्याने इंजिन कोंदते, ओढ जाते व आगीस आमंत्रण मिळते.

सारांश

प्रथम सांधे पाहावेत, नंतर कप्प्यांचा मूळ सायलेन्सर आणावा, आणि तरीही घुमारा उरल्यास फाट्याची नळी जोडावी. हा क्रम मोडू नये, कारण स्वस्त उपाय अगोदर केल्याने महागड्याची गरज पुष्कळदा उरत नाही. काम झाल्यावर चाचणी सोपी आहे. पहाटे माल भरून गाडी निघावी, घरातील तान्हे मूल झोपेतून उठू नये आणि चालकास शेजारी बसलेल्याचे बोलणे आवाज न चढविता ऐकू यावे. गाडी उत्तम स्थितीत आहे याची खूण तिचा धडाका नसून तिची शांतता होय.