‘त्यांना आता काय विचारायचं?’

आजी-आजोबा समोर बसलेले असताना हे वाक्य आपण सहज बोलून जातो. बरे-वाईट ठरवण्याची, नवे शिकण्याची ताकद वयाबरोबर संपते असे आपण धरून चालतो. पण तसे सरसकट म्हणता येत नाही.

लहानपणापासून पाहू. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्या १९३२च्या पुस्तकात मुलांना विचारलेला एक प्रश्न आहे. एकाच्या हातून दार उघडताना नकळत १५ कप फुटले; दुसऱ्याने चोरून जॅम काढताना एकच फोडला. जास्त चूक कोणाची? लहान मुले बहुधा १५ कपांकडे बोट दाखवत. नऊ-दहाच्या सुमारास मुले हेतू पाहू लागत. संस्कार वर्गात आपण चेतनेविषयी सांगतो, ते या वयात नीट उमगू लागते. त्याआधी कप फुटला म्हणून पोराला झोडपून काय मिळणार?

किशोरवयात चूक-बरोबर कळते, पण मित्र बघत असले की धोका पत्करावासा वाटतो.

आणि साठीनंतर? ब्रिटनमधील संशोधकांचा २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात १८ ते ३६ आणि ६० ते ८० वयाची माणसे होती. पडद्यावरचे कोणते चिन्ह निवडले की बक्षीस मिळते, हे अनुभवातून शिकायचे. बक्षीस कधी स्वतःला, कधी दुसऱ्याला. स्वतःसाठी शिकताना ज्येष्ठ मागे पडले. दुसऱ्यासाठी शिकताना मात्र त्यांची क्षमता टिकून होती.

प्रयोग घरात जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. तरी स्वतःसाठी मोबाइल शिकायला कंटाळणारी आजी परगावच्या नातीला व्हिडिओ कॉल करायला चार दिवसांत शिकते, हे आपण पाहतोच. तिला असे काम द्या, घरच्या निर्णयात तिचे मत विचारा.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. आयुष्यभर भिडस्त असलेला माणूस हळूहळू उर्मट वागू लागला, पैसे उधळू लागला, घरच्यांच्या दुःखाने त्याला काहीच वाटेनासे झाले, तर ‘म्हातारचळ’ म्हणून हसू नका. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या मेंदूच्या आजाराची ती लक्षणे असू शकतात. तो बरेचदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि सुरुवातीला स्मरणशक्ती चांगली असते, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. बदल केव्हापासून दिसला ते लिहून ठेवा आणि मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सोबत रोज जवळ राहणाऱ्या माणसाने जावे. रुग्णाला स्वतःतला बदल बहुधा जाणवत नाही.