पणजोबांच्या पायातली गोळी

गेल्या वर्षी आंतर-हाऊस वक्तृत्व स्पर्धेत मी माझ्या पणजोबांवर बोललो होतो. ते मराठा पलटणीतून इटलीत लढले, शिपाई नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीवर ज्या हल्ल्यात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला त्याच हल्ल्यात त्यांच्या डाव्या पायाला जर्मन गोळी लागली आणि दोन बोटं गेली, असं मी ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. दुसरा क्रमांक मिळाला.

त्या भाषणातलं निम्मं चुकीचं निघालं. ते कसं कळलं हे इथे लिहितो आहे, कारण आपल्या शाळेत पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी फौजेत होतं, आणि प्रत्येक घरात अशी एखादी गोळी असतेच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून दिली. पदकं त्यात नव्हती. ती कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही. पण एका पाकिटात बोटभर रिबन होती: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल, असे सारख्या रुंदीचे पाच उभे पट्टे. ही इटली स्टारची रिबन. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात इटलीच्या मोहिमेत जे होते त्यांना तो मिळाला. म्हणजे पणजोबा इटलीत होते, एवढं पक्कं झालं.

पेटीच्या झाकणावर आतून रंगाने '१/५' लिहिलेलं होतं. आजीला ती तारीख वाटायची, एक मे. खरं तर ते पलटणीचं नाव आहे. रेजिमेंटचं तेव्हाचं नाव पाचवी मराठा लाईट इन्फन्ट्री, आणि तिची पहिली बटालियन म्हणजे १/५. ही बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती आणि नामदेव जाधवही तिच्यातलेच. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते ३/५ चे. मी भाषणाच्या पहिल्या मसुद्यात दोघांना एकाच पलटणीत घातलं होतं. तिरकस रेघेच्या आधीचा आकडा नीट वाचला नाही तर माणूस भलत्याच डोंगरावर जाऊन पोचतो.

सुट्टीच्या आधी मी शाळेतल्या संगणकावर कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या यादीत पणजोबांचं नाव शोधलं होतं. सापडलं नाही. दोन दिवस मला भलतीच शंका येत राहिली. मग लक्षात आलं की त्या यादीत फक्त मृतांची नावं असतात. इटलीत पडलेल्या ५,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नोंद तिथे मिळते, घाडगे यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. पण जो जखमी होऊन परत आला आणि शेती करू लागला, त्याचं नाव कुठल्याच दगडावर नसतं. पलटणीच्या युद्धडायरीतही अधिकाऱ्यांची नावं येतात आणि जवान बहुधा आकड्यात येतात: आज इतके ठार, इतके जखमी. त्यामुळे जखमी जवानाचा शोध घरातल्या कागदापासूनच सुरू करावा लागतो.

तो कागद म्हणजे डिस्चार्ज बुक. शाई फिकी, अक्षर कारकुनी, आणि निम्मे शब्द संक्षेपात. 'आय.जी.एच.' म्हणजे इंडियन जनरल हॉस्पिटल, हे कळायलाच एक दिवस गेला. 'जखमा' या रकान्यात आडवी रेघ होती. मी ते पान आबांना दाखवलं नाही.

पुढच्या पानावर हॉस्पिटलात दाखल झाल्याची नोंद होती: नोव्हेंबर १९४४. कारण मी 'फ्रेंच फूट' असं वाचलं. सेनिओचा हल्ला झाला ९ एप्रिल १९४५ ला. तेव्हा पणजोबा पलटणीत नव्हतेच, कारण फेब्रुवारीतच त्यांना जहाजाने भारतात परत पाठवल्याची नोंद खाली होती. नामदेव जाधव कंपनीचे रनर होते. त्यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं, मग परत जाऊन मशीनगनच्या चौक्या संपवल्या, आणि हाताला जखम झाल्यावर टॉमी गन टाकून हातबॉम्ब वापरले. त्या रात्री माझे पणजोबा तिथे नव्हते. मी मात्र त्यांना नेऊन उभं केलं होतं.

नोंद वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली आणि शाळा सुरू झाल्यावर एम.आय. रूममधल्या नर्सिंग असिस्टंट साहेबांना दाखवली. ते हसले. 'फ्रेंच नाही, ट्रेंच. ट्रेंच फूट.'

त्यांनी समजावलं ते असं. पाय दिवसेंदिवस गार पाण्यात, ओल्या बुटात राहिला की त्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यासाठी बर्फ लागत नाही, गोठणबिंदूच्या वरच्या थंडीतही हे होतं. आधी पाय बधिर होतो, म्हणून जवानाला वाटतं बरं चाललंय. मग सुजतो, निळा पडतो, ऊब मिळाली की आग होते, आणि फार झालं तर मांस मरतं आणि बोटं कापावी लागतात. बरा झालेला पायही पुढे कित्येक वर्षं थंडी सोसत नाही. १९४४ च्या हेमंतात इटलीच्या ॲपेनाईन डोंगरांत पावसाने कहर केला होता. रस्ते वाहून गेले, खंदकात पाणी भरलं, आणि त्यातच पहारा द्यायचा. बूट काढून मोजे बदलायलासुद्धा कोरडी जागा हवी ना! रूट मार्चनंतर उस्ताद आमचे मोजे का तपासतात याचा मला तोपर्यंत फक्त कंटाळा यायचा.

आता आबांना सांगायचं होतं. रविवारी फोनला दहा मिनिटं मिळतात, त्यातली चार मी हवापाण्यावर घालवली. मग एका दमात सांगून टाकलं: गोळी नव्हती, पाणी होतं. तिकडून आवाजच येईना. मला वाटलं फोन कट झाला.

'तात्यांनी स्वतः कधी गोळी म्हटलं न्हाई बघ,' आबा म्हणाले. 'गाव म्हणायचं. तात्या गप बसायचे. पावसाळा लागला की रात्र-रात्र चुलीपुढं पाय धरून बसायचे. मला वाटायचं, गोळी काढली, बोटं गेली, मग एवढं काय दुखतंय? एकदा मी तसं बोललो पण त्यांना.'

'मग?'

'मग काय. उठून गोठ्यात गेले.'

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, 'त्या कागदात किती दिवस पाण्यात होते ते लिवलंय का रे?' ते लिहिलेलं नाही. मी बघतो म्हणालो. त्या तारखांना पलटण कुठे होती, पाऊस किती होता, हे युद्धडायरीत सापडू शकतं. अशा डायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बेळगावच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसलाही मी नंबर घालून पत्र लिहिलं आहे.

हाऊस मास्टर सरांना प्रमाणपत्र परत करू का, असं विचारलं. ते म्हणाले, परत करू नकोस, मराठी पानावर दुरुस्ती लिही. म्हणून हा लेख.

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यात आधी आर्मी नंबर आणि बटालियन उतरवून घ्या. नावं एका गावात चार-चार जणांची सारखी असतात, नंबर एकाचाच असतो. दाखल, डिस्चार्ज आणि हॉस्पिटल यांच्या तारखा वेगळ्या कागदावर ओळीने लिहा आणि मगच घरातली गोष्ट शेजारी ठेवून वाचा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला 'काय झालं होतं' असं विचारण्याआधी 'ते स्वतः काय म्हणायचे' हे विचारा. मी ते सगळ्यात शेवटी विचारलं.